न दिसणारा लेप

रंगाच्या कारखान्याच्या मालकाचा जावई पॅकिंग खात्यात डब्यांना लेबलं चिकटवायचा, आणि तीही तिरकी. म्हणून त्याने ‘नॅनोतंत्रज्ञानावर बोलण्याचं इंग्रजी’ असा कोर्स केला. कोर्समध्ये नॅनोतंत्रज्ञान नव्हतं, नुसतं बोलणं होतं. ‘गेम चेंजर’, ‘कटिंग एज’, ‘टिप ऑफ द आइसबर्ग’. आरशासमोर रोज घोकंपट्टी चालायची. बायकोलाही पाठ झालं. सर्टिफिकेट मात्र चकचकीत होतं, आणि सासऱ्यांनी त्यावरचा ‘नॅनो’ हा एकच शब्द वाचला.

“जावईबापू, आधी नाही का सांगायचं! नव्या प्रयोगशाळेची खुर्ची तुमची. फक्त उद्या खरेदीदार जेवायला येताहेत, त्यांच्यासमोर माझ्या चष्म्याला ओरखडा न पडणारा नॅनो-लेप देऊन दाखवा. नाही जमलं, तर लेबलं आहेतच.”

“बाबा, ॲट द एंड ऑफ द डे, स्काय इज द लिमिट.”

सासऱ्यांना हा होकार वाटला. जावयालाही तसंच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. “अहो, वाटीत काय आहे?”

“पाणी.”

“नुसतं?”

“उकळून गार केलेलं.”

“आणि बाबांनी घासून बघितलं तर?”

“स्वतःचा चष्मा कोण घासतं गं?”

“लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही बाबांना ओळखत नाही.”

खरेदीदार दोघे होते, एक जाडे, एक बारीक, आणि दोघेही चष्मेवाले. जावयाने सासऱ्यांचा चष्मा वाटीत बुडवून काढला.

“लेप दिसत नाहीये,” जाडे म्हणाले.

“एक्झॅक्टली! ॲट द नॅनोस्केल, लेस इज मोअर.”

यावर काय बोलावं हे कोणालाच कळेना, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. सासऱ्यांनी मोरीतली तारेची घासणी मागवली आणि भांडं घासावं तसा चष्मा कराकरा घासला. मग तो हातात धरून निरखला. चष्मा हातात असल्यामुळे नाकावर नव्हता. त्यांना जग जेवढं अंधुक दिसायचं तेवढाच तोही दिसला.

“एक ओरखडा नाही!”

मग काय, खरेदीदारांनीही आपापले चष्मे बुडवले, घासले आणि उघड्या डोळ्यांनी तपासले. एक ओरखडा नाही. तिघांनी चष्मे चढवले आणि डोळे किलकिले केले.

“क्रिस्टल क्लिअर,” जाडे म्हणाले आणि त्यांनी चमचा पाण्याच्या जगमध्ये घातला. बारीक पाहुणे फुलदाणीला म्हणाले, “जेवण छान होतं हं, वहिनी.”

“बाबा, तो चष्मा इकडे द्या बघू,” बायको म्हणाली. जावयाला जोराचा खोकला आला.

“चष्म्याला काय धाड भरलीये? ऑर्डर पक्की, खुर्ची पक्की! पाहुण्यांना स्टेशनवर मीच सोडतो. प्रयोगशाळाप्रमुख, तुम्ही पुढे बसा.”

गाडीशी बायकोने त्याची बाही ओढली. “आता तरी खरं सांगा. खुर्ची गेली खड्ड्यात, चौघं जाल!”

जावयाने खुर्चीचा विचार केला. मग सासऱ्यांनी पहिल्या झटक्यात चावी रेडिओत खुपसली, तेव्हा जिवाचाही केला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण कोर्समध्ये त्यासाठी वाक्यच नव्हतं.

“बाबा... वी आर ॲट अ टिपिंग पॉइंट.”

“वा!” सासऱ्यांनी गाडी सोडली. “आज धुकं फार आहे, नाही?”

“फारच,” मागून दोघे म्हणाले. ऊन रणरणत होतं.

घराच्या फाटकाचा खांब समोरून येत होता. खांबाला तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण येत होता.

“ब्रेक!” जावई किंचाळला. त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला अर्थपूर्ण इंग्रजी शब्द. थोडा उशिरा निघाला.

सगळे धडधाकट उतरले. गाडी तेवढी धडधाकट नव्हती. सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि वाकून गाडीचं तोंड पाहिलं.

“ओरखडासुद्धा नाही! जावईबापू, गाडीलाही लेप दिलात?”

खरेदीदारांनीही चष्मे काढून पाहिलं. “गेम चेंजर,” जाडे म्हणाले. “ऑर्डर दुप्पट करा.”

बायको धावत आली, खांबापाशी पडलेला बंपर तिने उचलला आणि प्रयोगशाळाप्रमुखांच्या हातात दिला.

“घ्या,” ती म्हणाली. “टिप ऑफ द आइसबर्ग.”