मुलगा तेलात आहे

बोदवडच्या शांतीलालशेठच्या दुकानात गुरांच्या ढेपेच्या पोत्यांमागे जो टेलिफोन होता, तो वर्षातून चारदोनदाच वाजे आणि वाजला की कोणीतरी वारलेलं असे. त्यामुळे त्या दिवशी मुंबईचा ट्रंक कॉल आला, तेव्हा शेठनी आधी डोक्यावरची टोपी काढली आणि मग रिसीव्हर उचलला.

पलीकडून त्यांचाच मुलगा सोहनलाल बोलत होता. म्हणजे निदान तो तरी जिवंत होता.

“बाबूजी, सामान भरायला बंदरात आलोय, तासाभरात परत निघायचंय. रविवारी सगाईला येणं जमत नाही. शूटिंग लांबलंय.”

“काय लांबलंय?”

“शूटिंग. समुद्रात चाललंय. पावसाळ्याआधी संपवायचंय, म्हणून रात्रंदिवस.”

“कोणाबरोबर?”

“रशियन मंडळी आहेत. दिवसाला चार लाईनी मारल्याच पाहिजेत, असा त्यांच्या साहेबांचा हुकूम आहे. काल दोनच मारून झाल्या. त्यातली एक बिघडली, ती परत मारायचीय. आईला सांगा, काळजी—”

इथे टेलिफोनची लाईनही गेली.

ट्रंक कॉलवर नीट ऐकू येत नसल्यामुळे शेठ समोरच्याचा प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणून खात्री करून घेत. ‘रशियन’ आणि ‘दिवसाला चार लाईनी’ हे शब्द त्यांनी दोन-दोनदा म्हटले होते. समोरच्या न्हाव्याने वस्तरा हातात धरून ठेवला होता. गिऱ्हाईकानेही घाई केली नव्हती.

शेठ पोत्यावर बसले. रविवारी सगाई होती ती धुळ्याला, देवपुरात, उत्तमचंदांच्या घरी. उत्तमचंद शेंगतेलाचे व्यापारी. घर जैन आणि इतकं कडक, की मुलीसाठी आलेली दोन स्थळं त्यांनी ओट्यावरूनच परत पाठवली होती. एका मुलाने भुसावळ स्टेशनवर कांद्याची भजी खाल्ली होती. दुसरा सिनेमाला गेला होता. सिनेमा देवादिकांचा होता, असं त्याच्या काकांनी सांगून पाहिलं. त्यावर उत्तमचंद म्हणाले, “देव खरे असते तर आम्हीही गेलो असतो.”

सोहनलाल पसंत पडला तो एका वाक्यावर. “मुलगा तेलात आहे,” असं शांतीलालशेठ म्हणाले होते. “म्हणजे आपल्यातलाच,” उत्तमचंद म्हणाले आणि गूळ वाटला गेला. शेंगतेलात की सरकीच्या तेलात, हे कोणी विचारलं नाही. सोहनलालला कॉलेज संपल्यावर सरकारी नोकरी लागली, तेव्हा त्याने घरी बसून सगळं समजावून सांगितलं होतं. पण ‘तेल’ हा शब्द सुरुवातीलाच आल्यामुळे पुढचं ऐकायची शेठना गरज वाटली नव्हती.

“तेलाच्या नावाखाली सिनेमात गेला,” शेठ घरी येऊन म्हणाले.

शेठाणी सज्जनबाई मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “आणि लाईनी म्हणजे त्याच का, कॉलेजातली पोरं मारतात त्या?”

“त्याच.”

“दिवसाला चार?”

“रशियन आहेत.”

सज्जनबाईंनी पानं टाकली आणि काड्या परातीत ठेवल्या. मग त्या म्हणाल्या, “एक बिघडली म्हणाला. बिघडली तर तिला परत कशाला मारायची?”



शेवटी असं ठरलं, की स्वतः धुळ्याला जायचं, पोराला कावीळ झाली म्हणून सांगायचं, सगाई आखाजीच्या सणापर्यंत पुढे ढकलायची आणि तोवर त्याला मुंबईहून ओढून आणून ढेपेच्या दुकानात बसवायचं. तोपर्यंत एक अक्षर धुळ्याला कळता कामा नये. कळलं तर हे लग्न मोडलंच, आणि उत्तमचंदांनी नाकारलेल्या मुलाला सबंध खानदेशात दुसरी मुलगी मिळाली नसती.

दुकानात झुलाल हमाल वाट बघत उभा होता.

“शेठ, आपला सोहनभाऊ हिरो शे का व्हिलन?”

“तू काही ऐकलं नाहीस.”

“नही ना. मी बठ्ठं, सगळं ऐकं, पन काही ऐकं नही.”

हे तोंड बोदवडात ठेवणं धोक्याचं, म्हणून शेठनी झुलालला न मागता रजा दिली आणि गावी पाठवून दिलं. स्टेशनवरून गाडी सुटली. तिचा धूर दिसेनासा झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की झुलालचं गाव नरडाण्याजवळ आहे आणि नरडाण्याकडचा माणूस बाजाराला धुळ्यालाच जातो.

शनिवारी शेठ आणि सज्जनबाई एस.टी.ने धुळ्याला पोचले. पांझरेचा पूल ओलांडताना शेठनी कावीळ मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिली. उत्तमचंदांच्या ओट्यावर माणसं बसली होती. यांना बघून ती उठली आणि कोपऱ्यात उभी राहिली. आत उत्तमचंद आणि त्यांच्या आई सूरजबाई गादीवर बसले होते. दोघांचे चेहरे सुतकातल्यासारखे होते.

“सोहनला कावीळ झाली,” शेठ बसायच्या आधीच म्हणाले.

“डोळे पिवळे झालेत?” उत्तमचंदांनी विचारलं.

“अगदी हळद.”

“मग सिनेमा रंगीत असला तर पंचाईत,” सूरजबाई म्हणाल्या.

शेठनी सज्जनबाईंकडे पाहिलं. सज्जनबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

“शांतीलालजी, तुमचा हमाल येऊन गेला,” उत्तमचंद सावकाश बोलू लागले. “दोन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही. तुम्हाला नकार कळवणारच होतो. पण बातमी माझ्याआधी गावात फिरली. जी मालेगावची माणसं लग्नाला येणार नव्हती, ती आता सगाईलाच येऊन उतरलीत. गिऱ्हाईक तेलाचा डबा नंतर उचलतं, आधी जावयाचं विचारतं. आणि आमची मुलगी, प्रेमकुंवर. तुम्ही बघायला आलात तेव्हापासून हूं नाही की चूं नाही. काल ती गुणगुणत होती. आता नकार देऊन मी तोंड कुठे लपवू?”

“म्हणजे?”

“एक अट आहे. देवाचं काम करायचं. राक्षसाचं नाही.”

“देवाचंच करतो तो,” शेठ म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी एक सिनेमा पाहिला नव्हता.

“कुठला देव?” सूरजबाईंनी विचारलं.

“समुद्रातला आहे. वरुण असावा.”

“आणि त्या लाईनी?”

सज्जनबाईंनी डोळे मिटून घेतले. पण सूरजबाईंनी स्वतःच तोड काढली. “जाऊ दे. त्या रशियात परत जातील. इथवर काय येतात.”

रविवारी मुलाशिवायच सगाई उरकायची ठरली. पाहुणे बसले, नारळ आले, आणि तेवढ्यात बाहेर गलका झाला. झुलाल हातात हार घेऊन पुढे आणि मागे अर्धं देवपूर. मधोमध सोहनलाल, उन्हाने काळाठिक्कर, नाकाची सालं निघालेली.

“मेकप अजून उतरला नही,” झुलाल लोकांना सांगत होता.

“बाबूजी, केबल तुटली,” सोहनलाल गळ्यातला हार सावरत म्हणाला. “शार्क मासा चावला तिला. जहाज बंदरात आणलं, म्हणून रजा मिळाली. पण ही एवढी माणसं कशाला?”

“तुझं शूटिंग बघायला,” शेठ म्हणाले.

“ते इथे कसं दिसेल? त्याला समुद्र लागतो.” मग त्याने नोकरी लागली तेव्हा सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. “जहाजामागे मैलभर लांब केबल सोडतो. थोड्या थोड्या वेळाने पाण्यात सुरुंग उडवतो, विहिरीत उडवतात तसाच. त्याचा आवाज तळाखालच्या खडकांत जाऊन परत येतो. केबलमधली यंत्रं तो टिपतात. त्यावरून खाली तेल असेल का, याचा अंदाज येतो. याला शूटिंग म्हणतात.”

“आणि लाईनी?” सज्जनबाईंनी विचारलं.

“नकाशावर रेघा असतात, आई. त्या रेघेवरून जहाज सरळ न्यायचं. एक रेघ पुरी झाली की एक लाईन मारली.”

“मग ती बिघडली ती?”

“लाटा फार होत्या. आवाज नीट आला नाही.”

सज्जनबाईंनी पदराने डोळे पुसले आणि चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

“तेल कोणतं?” उत्तमचंदांनी विचारलं.

“जमिनीतलं. ज्याचं पेट्रोल, घासलेट होतं ते.”

“शेंगेचं नाही?”

“समुद्रात शेंगा नसतात.”

“म्हंजे हिरोबी नही आनि व्हिलनबी नही?” झुलालने विचारलं आणि सोहनलालच्या गळ्यातला हार हळूच काढून घेतला. मालेगावचे पाहुणे चपला शोधू लागले.

तेवढ्यात सूरजबाई म्हणाल्या, “सुरुंग पाण्यात उडवतोस?”

“हो, दादी.”

“पाण्यात मासे असतात.”

“असतात.”

“त्यांचं काय होतं?”

इथे दुसरा कोणीही खोटं बोलला असता. बापाने कालच कावीळ आणि वरुण असे दोन दाखले घालून दिले होते. पण पोरगा सायन्सचा होता.

“सुरुंगाजवळ असतात ते वर येतात.”

“जिवंत?”

“नाही.”

त्या घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी प्यायलं नव्हतं आणि दिवा लागल्यावर कोणी जेवलं नव्हतं. मुंग्यांना रोज साखर होती. सूरजबाई उठल्या आणि आत गेल्या. सिनेमाच्या बातमीने दोन दिवस चूल बंद होती. या बातमीने किती दिवस राहील, याचा अंदाज कोणालाच येईना. नारळ तसेच पडून राहिले.

दुपार टळल्यावर उत्तमचंदांनी शांतीलालशेठना मागच्या वखारीत बोलावलं. दोघे तेलाच्या डब्यांमध्ये उभे राहिले. आत सोहनलाल एका दाराला जहाजाबद्दल काहीतरी सांगत होता आणि दारामागून हसू येत होतं.

“प्रेमकुंवर हटून बसली आहे,” उत्तमचंद म्हणाले. “म्हणते, लग्न करीन तर यांच्याशीच.”

“पोरगा नोकरी सोडायला तयार आहे म्हणतो,” शेठ म्हणाले. “पण दुसरी मिळाली तर. आणि ढेपेच्या दुकानात बसणार नाही म्हणतो. दुकानात बसणारच नाही म्हणतो.”

उत्तमचंदांनी एका डब्यावरचा ओघळ बोटाने पुसला, बोट धोतराला पुसलं, दाराबाहेर कोणी नाही हे पाहिलं आणि आवाज उतरवला.

“शांतीलालजी, मुंबईत कोणाशी ओळख आहे का? पोराला सिनेमात कुठे चिकटवता आलं तर बघा.”

शेठनी डोक्यावरची टोपी काढली.

“राक्षसाचं काम मिळालं तरी चालेल,” उत्तमचंद म्हणाले.