देकानो गेला

डाग सहा मिलिमीटरचा होता. कडेला गडद, मधे फिका. थेंब सुकताना रंग कडेकडे ओढला जातो, तसा. येर्बाच्या चहाचा थेंब. एस्त्रेया फुटबॉल क्लबच्या इतिवृत्ताच्या पहिल्याच पानावर तो पडला होता आणि पडायला त्याने जागा अशी निवडली होती, की स्थापनेच्या वर्षातला शेवटचा आकडा नेमका त्याच्याखाली गेला होता. १९२ पर्यंत सगळं स्वच्छ. पुढे डाग.

मिर्ताबाईंनी भिंग धरलं. डागाखाली लांब चोच आणि तिरका पाय दिसत होता, मधला भाग मात्र पुसट होता. पासो कोरोनिया गावात 1 ला अशीच चोच काढतात आणि 7 लाही. फरक एवढाच, की साताच्या कमरेला आडवा पट्टा असतो. पट्टा नसेल तर क्लबचा जन्म १९२१चा, असेल तर १९२७चा. ओढ्यापलीकडच्या तालार क्लबचा जन्म १९२४चा होता आणि त्याबद्दल दुर्दैवाने कुणालाच शंका नव्हती.

एस्त्रेयाकडे सात खेळाडू उरले होते, तालारकडे सहा. रविवारी पाच वाजेपर्यंत जो अकरा नावं देणार नाही त्याला लीग काढून टाकणार होती. दोन्ही क्लबांनी एक व्हावं हे अकरा वर्षांपासून सगळ्यांना मान्य होतं. घोडं अडलं होतं जोडनावावर: आधी कुणाचं? अर्थात देकानोचं, म्हणजे थोरल्या क्लबचं. दर वर्षी संयुक्त सभेत मतं समसमान पडत. मग निर्णायक मत आपारिसियोआजोबांकडे जाई, कारण तरुणपणी दोन्हीकडून खेळलेला तो एकच माणूस जिवंत होता. वय ब्याण्णव. एस्त्रेयाचा सर्वांत जुना सभासद म्हणून त्यांनाही गाव देकानोच म्हणे. आजोबा नळीने येर्बाचा चहा ओढत आणि सांगत, "बघू."

"रविवारी सकाळी आकडा सांगते," बाई म्हणाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी गावाला रसायनशास्त्र शिकवलं होतं. शंका काढायची कुणाची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी त्यांनी पेरॉक्साइडचा एक थेंब आधी पानाखालच्या सहीवर टाकून पाहिला. सही जागची हलली नाही. मग डागावर टाकला. डाग फिका झाला, गेला. त्याच्या मागोमाग आकडाही गेला. सही तेव्हाच्या अध्यक्षांच्या शाईची होती आणि तारीख चिटणिसांच्या. नमुना त्याच जागेचा घ्यावा, हे बाईंनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. पानावर आता दुधासारखा पांढरा ठिपका उरला.

बाई तडक अध्यक्ष वॉशिंग्टन पेरेइराच्या दुकानात गेल्या. तो मांस भाजायला क्लबवर गेला होता. गल्ल्यावर त्याची बायको नेल्बा होती.

"त्याला सांग, देकानो गेला," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातून गेला."

आपारिसियोआजोबांच्या अंगठ्याची जखम बाई दर रविवारी धुतात, हे नेल्बाला माहीत होतं. तिने गल्ला बंद केला.

"काय दिलंत, बाई?"

"पेरॉक्साइड. एकच थेंब."

"त्रास झाला का फार?"

"छे. आधी फिका पडला, मग दिसेनासा झाला."

बाई इतिवृत्त आणायला घरी वळल्या आणि नेल्बाने फोन उचलून आधी नवऱ्याला, मग तालारला कळवलं.

बारा वाजता बाई वही घेऊन क्लबवर पोचल्या तेव्हा दारात तालारचा ट्रक उभा होता. ट्रकमध्ये काळ्या कपड्यांतली तेवीस माणसं आणि गाडीच्या चाकाएवढा हार. हार उचललेला एबेर, तालारचा अध्यक्ष, पायरीपाशी थबकला होता. पायरीवर आपारिसियोआजोबा नुकतेच येऊन येर्बा ओढत बसले होते.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"कधी?"

"सकाळी. बाईंनी औषध दिलं म्हणे."

"मला कुणी काही बोललं नाही," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात वॉशिंग्टनने हारावरची फीत वाचली. मग मोठ्याने वाचली. "थोरल्या क्लबच्या थोरल्या सभासदास, तालारकडून. घ्या, लेखी आलं. थोरले आम्ही!"

"मयताशी वाद घालत नाहीत म्हणून लिहिलं ते," एबेर म्हणाला. "मयत उठून बसलंय. फीत दे परत."

"दिलेला हार परत मागतोस?"

"तो मेल्यावर द्यायचा होता."

"मग थांब की तोवर."

"पाचला नावं द्यायचीत, वॉशिंग्टन. तेवढा वेळ नाही."

बाईंनी वही उघडून दोघांच्या मधे धरली. "गेला तो हा," त्या म्हणाल्या. "आकडा मी पुसला. एक होता की सात, आता कधीच कळणार नाही. चूक माझी आहे."

शेकोटीवर चरबी चरचरत होती. वॉशिंग्टनने पान उजेडात धरलं, तिरकं धरलं, उलटं धरलं. ठिपका सगळीकडून पांढराच होता.

"वॉशिंग्टन," आजोबांनी हाक मारली, "मी गेलो कळल्यावर तू काय केलंस?"

वॉशिंग्टन शेकोटीवरचं मांस उलटायला वळला. उत्तर दुकान बंद करून आलेल्या नेल्बाने दिलं. "जाण्याआधी मत देऊन गेले का, असं विचारलं यांनी. दोनदा."

"आणि तू रे?"

"रडलो थोडा," एबेर म्हणाला. "मग बागेतली फुलं तोडली. बायको अजून बोलतेय."

आजोबांनी नळी तोंडात धरली आणि तळाचा घोट खळखळेपर्यंत ओढला. पुढचा शब्द सगळ्यांना पाठ होता. कुणी कुणी तर मांसाच्या ताटाकडे वळलंही होतं.

"तालार-एस्त्रेया," आजोबा म्हणाले. "त्यांचं नाव आधी. आणि हार माझा, फितीसकट."