प्रजननाच्या धड्याचा बदलीअर्ज

सोमवारी प्रार्थना संपल्यावर दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा पुस्तकातून उठला आणि त्याने मुख्याध्यापक तोरस्कर सरांकडे भूगोलात बदलीचा अर्ज दिला. अर्ज नीटनेटका होता. कारण एकच: बावीस वर्षांत एकदाही शिकवला गेलो नाही. शाळेत सांगतात, घरी वाचून या. घरी सांगतात, शाळेत शिकवतील.

“विषयशिक्षिकेची सही लागेल,” सर म्हणाले.

विषयशिक्षिका म्हणजे हेमलता गुरव बाई. त्या एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या. बाईंच्या हातून एक आख्खा धडा निघून गेला, एवढं एक बोलणं मागे ठेवून त्यांना जायचं नव्हतं. त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली आणि धड्याने ती दिली.

मंगळवारी सरांनी आपल्या पद्धतीने वर्ग घेतला. मुलांना मैदानावर पिटाळलं आणि मुलींना तासभर संयमावर भाषण दिलं. मुली माना खाली घालून फरशी बघत राहिल्या. बुधवारी गावातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना रोगांची चित्रं दाखवली. दोघांना चक्कर आली, प्रश्न एकानेही विचारला नाही. धडा जाऊन भूगोलाचं कपाट बघून आला.

शाळा सुटल्यावर बाई त्याच्याजवळ गेल्या. “खरं सांगू का? मीच तुला कधी नीट वाचलं नाही. लाज वाटायची मला.”

“मग बसा,” धडा म्हणाला आणि बाकावर जरा सरकला. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

गुरुवारी त्यांनी कोणालाच मैदानावर पाठवलं नाही. धडा पहिल्या ओळीपासून शिकवला, शब्द एकही गाळला नाही. मग शमिकाने विचारलं, “बाई, पाळी दर महिन्याला त्याच तारखेला नाही आली, तर काही बिघडलेलं असतं का?” बाईंनी नीट समजावून सांगितलं. नझीरने विचारलं, “माझा आवाज असाच फाटका राहणार का?” कोणी हसलं नाही. एक उत्तर बाईंना येईना, तेव्हा “उद्या बघून सांगते” म्हणाल्या. घंटा झाली तरी कोणी उठेना. इतकं बरं बाईंना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शुक्रवारी धड्याने अर्ज मागे घेतला. सरांनी त्यावर शेरा मारला, शिक्का उमटवला आणि हळूच विचारलं, “तुझी एक प्रत मिळेल का? घरी वाचीन म्हणतो.”

“घरी नाही,” धडा म्हणाला. “तिसरा तास, दहावी ब.”

सर आले. शेवटच्या बाकावर बसले, आणि वीसेक मिनिटांनी त्यांनी हात वर केला.