शेजारचं पाणी

घर बघायला गेलं की माणूस काय बघतो? हॉल केवढा आहे, किचनला खिडकी आहे का, छताला ओल आलीय का. आमचे दत्तूमामा यातलं काहीही बघत नाहीत. एजंट कुलूप उघडतो न उघडतो तोच मामा मागच्या मागे सटकतात आणि शेजारचं दार वाजवतात. दार उघडलं की म्हणतात, "वाईच पानी मिळंल का प्यायला?"

पाणी मिळालं तर ते सावकाश पितात. नाही मिळालं तर त्याहून सावकाश परत येतात. तोवर एजंट मला बेडरूममधलं फॉल्स सीलिंग दाखवत असतो आणि मी मान वर करून हूं हूं म्हणत असतो. मामा दारात उभे राहतात, हात आडवा करतात आणि जाहीर करतात, "चला जावईबापू. लाइन क्लिअर न्हाई."

दत्तूमामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते. कुठली गाडी कुठल्या रुळावर जाणार ते इतकी वर्षं आपल्या हातात होतं, ही गोष्ट त्यांनी निवृत्तीनंतरही मनावर घेतलेली आहे. त्यात सुजाता त्यांची लाडकी भाची. "मामांनी बघितल्याशिवाय घर घ्यायचं नाही," असं तिने एकदा सांगून टाकलं आणि माझ्या रविवारांचं वाटोळं झालं.

आमची अडचण साधी होती. मी रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, सुजाता केडगावच्या शाळेत शिक्षिका. म्हणजे नवरा शिरूर तालुक्यात, बायको दौंड तालुक्यात आणि मधे भीमा नदी. आम्ही कारेगावला भाड्याच्या खोलीत राहायचो. सुजाता दोन एसट्या बदलून शाळेत जायची आणि संध्याकाळी घरी आली की तासभर कुणाशी बोलायची नाही. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. त्यातच खोलीमालकाने मुलाचं लग्न काढलं आणि "जूनपत्तुर खोली मोकळी करा" म्हणून सांगितलं. आता घर घेणं भागच होतं. आमचं बजेट मात्र असं, की आकडा ऐकला की एजंट चहा सांगायचं विसरून जायचे.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. मापाशिवाय माझं पान हलत नाही. मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता: कंपनी किती लांब, शाळा किती लांब, दवाखाना, बँकेचं कर्ज होईल का, पावसाळ्यात रस्ता राहतो का. नऊ रकाने होते. मोठ्या कौतुकाने मी तो मामांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "ह्यात शेजार कुठाय?"

"मामा, शेजार कसा मोजणार?"

"म्हनून तर पानी मागायचं. भाव काय, कुनीबी सांगतंय. पानी कोन देतंय ते बघा."

सुरुवात कारेगावपासूनच झाली. वन बीएचके, कंपनी हाकेच्या अंतरावर. तक्त्यात त्याला सर्वांत जास्त मार्क होते. मामांनी शेजारचं दार वाजवलं. आत बिहारकडचे चार कामगार रात्रपाळी करून झोपले होते. त्यातला एक डोळे चोळत उठला, "आइए चाचा, बैठिए" म्हणाला, जारमधलं गार पाणी दिलं, वर बिस्किटाचा पुडाही फोडला. मी खूश. म्हटलं, चला, मामांची परीक्षा पास. मामा बिस्कीट खात खात त्याला विचारतात, "कितने दिन रहनेवाला हाय तुम?" तो म्हणाला, "ठेका खतम होगा तो चले जाएँगे, चाचा."

बाहेर येऊन मामा म्हणाले, "पोरगं सोन्यासारखं हाय. पर त्यो पाव्हना हाय, शेजारी न्हाई. लाइन क्लिअर न्हाई."

मी म्हटलं, मामा, घर मी घेतोय, त्या पोराला दत्तक घेत नाहीये. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही विद्या त्यांना छान येते.

मग शिरूरच्या बाजूची एक स्कीम बघितली. मोठी कमान, आत बाग, बागेत सिमेंटचं हरीण. आम्हाला तिथला सगळ्यात लहान फ्लॅट कसाबसा परवडत होता. मामांनी शेजारची बेल दाबली तर दार उघडायच्या ऐवजी बेलच बोलली. "डिलिव्हरी आहे का? खाली ठेवून जा."

मामा दचकून दोन पावलं मागे आले. मग त्या बेलला हात जोडून म्हणाले, "डिलिव्हरी न्हाई बाई. पानी पायजेल वाईच."

"आम्ही पाणी ऑर्डर केलं नाही."

मामा परत आले ते हरणाजवळ जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी हातसुद्धा आडवा केला नाही.

अशी अकरा घरं झाली. न्हावऱ्याला एक, केडगावला दोन, दौंडला सहा. मामांना एवढं पाणी प्यायल्यावर जो त्रास व्हायचा तो व्हायचाच, आणि मग त्यासाठी गाडी थांबवायला लागायची. एजंट लोकांत बातमी पसरली होती की एक म्हातारा येतो आणि पाणी मागतो. त्यातल्या एका हुशार एजंटाने तयारीच करून ठेवली. आम्ही जिना चढतोय तोच शेजारचं दार उघडलं आणि एक बाई हसत म्हणाली, "या ना, पाणी देऊ का?"

मी मनात त्या एजंटाला शंभर आशीर्वाद दिले. बाईंनी मामांना बसवलं आणि आत गेल्या. आतून एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग तिसरं. मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी बाई वाटीतून पाणी घेऊन आल्या. मामा ते प्यायले, वाटी खाली ठेवली आणि अगदी प्रेमाने विचारलं, "घर कुनाचं हाय, ताई? तुमाला पेला कुठं ऱ्हातो ते म्हाईत न्हाई."

ती एजंटाची मेहुणी निघाली. फ्लॅटचे खरे मालक परदेशात होते. मामा बरोबर निघाले याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, राग आला. कारण त्यानंतर मामांचा आत्मविश्वास भलताच वाढला.

आणि मग भांडगावचं घर मिळालं. दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे अंगण, हायवेपासून जरा आत. सुजाताची शाळा जवळ आणि माझ्यासाठी चौफुल्याला कंपनीची बस. मालक मुलाकडे राहायला निघाला होता म्हणून कमी किमतीत देत होता. सुजाता आदल्या आठवड्यात बघून आली होती आणि येताना वाटेतच तिने तुळस कुठे ठेवायची ते ठरवून टाकलं होतं. मालकाने सांगितलं होतं, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, रविवारी काय ते नक्की सांगा. त्या रविवारी मी मामांना मोटरसायकलवर मागे बसवून भांडगावला नेलं.

मामा सवयीप्रमाणे शेजारी गेले. शेजारच्या घराला कुलूप होतं. पलीकडच्या घरालाही कुलूप. कांदे काढायचे दिवस, सगळी आळी रानात.

मी म्हटलं, "मामा, हो म्हणून टाकू का?"

"आसं कसं? कुलपाला पानी मागू का? सांजच्याला मानसं येत्याल, तवा बघू."

मालक घड्याळ बघत होता. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलेलं. आणि माझा इतक्या रविवारांचा राग एकदम बाहेर पडला. "मामा, तहान लागली असेल तर हायवेवरून बाटली आणून देतो. पण एका घोटापायी आमचं घर घालवू नका. तुम्हाला काय, तुमचं घर झालंय. तुम्ही निवांत आहात."

मामांनी शेजारच्या कुलपाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "व्हय. माझं झालंय."

एवढंच. मालकाने उपकार केल्यासारखी दुसऱ्या दिवशी दहापर्यंतची मुदत दिली. मामांना मागे बसवून मी दौंडला आणलं. स्टेशनच्या चौकात ते नेहमी उतरायचे तसे उतरले आणि चालायला लागले. मी थोडं पुढे गेलो तर त्यांची कापडी पिशवी हँडललाच अडकलेली. चरफडत गाडी वळवली आणि थेट त्यांच्या बिल्डिंगपाशी गेलो.

त्या बिल्डिंगमध्ये मी याआधी एकदाच आलो होतो. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या त्या दिवशी. मुलगी तापाने फणफणली होती म्हणून सुजाता आली नव्हती, मी एकटाच आलो होतो. निवृत्तीनंतर रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा मामांनी गावाबाहेरच्या या नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता.

दाराला कुलूप होतं. मामा अजून पोचले नव्हते. जिना चढून माझा घसा कोरडा पडला होता. पिशवी शेजारी ठेवावी म्हणून मी समोरची बेल दाबली. साखळी तशीच ठेवून एका बाईने दार बोटभर उघडलं.

"हे समोरचे मामा आले की एवढी पिशवी द्याल का?"

"समोर?" ती म्हणाली. "समोर कुणी राहतं का? मला वाटलं बंद फ्लॅट आहे."

मग माझ्याच तोंडून निघालं, "जरा पाणी मिळेल का?"

"खाली हॉटेल आहे," ती म्हणाली आणि दार लागलं. बाई काही वाईट नसावी. इथल्या माणसांनी आठवड्याचे सहा दिवस नोकरीसाठी डेमू लोकलने पुण्याला जायचं, सातव्या दिवशी अनोळखी माणसाला कोण दार उघडणार?

मी वळलो तर मामा जिन्यात उभे. हातात दुधाची पिशवी. ते कधी आले कुणास ठाऊक.

"दिलं का पानी?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"खोटं कशाला बोलता, जावईबापू," म्हणत त्यांनी कुलूप काढलं. मला आत बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि समोर बसून बोलायला लागले.

"हितं घेताना म्या फकस्त भाव बघितला. सस्तात मिळाला. ही म्हनत व्हती, अवो, आदी शेजार बघा. म्हनलं, शेजार काय, हुतोय हळूहळू." मामांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "क्वार्टरला व्हतो तवा कुनाच्याबी घरी कुनी गेलं की पिठलं-भाकरी घेऊन पयली हीच हजर. साऱ्या कॉलनीला कडू घास हिच्या हातचा. आन् ही गेली त्या दिवशी..."

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात, चहा आणतात, हे सांगायची काही गरज नव्हती.

"मसनवट्यातनं आलो. तुमी समदे दमलेले. गावाकडच्यांला वाटलं, बिल्डिंगवाले आनत्याल. म्या दार उघडं ठेवून वाट बघितली. मग चा ठेवला. त्या दिवशी हिच्या घरातला ग्यास म्याच पेटवला, जावईबापू."

तो चहा मी प्यायलो होतो. मला चांगला आठवतो, आलं घातलेला होता. शेजारच्यांनी पाठवला असेल असं समजून मी दुसरा कपही मागून घेतला होता. मला स्वतःची लाज वाटली. तुमचं घर झालंय, असं मी या माणसाला दुपारी ऐकवलं होतं.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी कंपनीत फोन करून रजा टाकली आणि मामांना घेऊन आठच्या आत भांडगाव गाठलं. या वेळी मामा गाडीवरून उतरलेच नाहीत. "तुमीच बघा," म्हणाले. मालक ओट्यावर बसून दात घासत होता. त्याला हाताने थांबा म्हणून खूण केली आणि मी शेजारच्या दारात गेलो.

डोक्याला फडकं बांधून एक बाई रानात निघायच्या तयारीत होत्या. मी म्हटलं, "जरा पाणी मिळेल का?"

"पानी देते की. पर कोन म्हनायचं तुमी? कुठलं? ह्यो वाडा घेनार म्हनत्यात ते तुमीच का? बायकू मास्तरीन हाय ती? परवा आली व्हती, मला न भेटताच गेली की वो! चा घेनार का? आन् रानात जायाचंय, लवकर सांगा." हे सगळं एका दमात. मी उत्तर द्यायच्या आत त्या आत गेल्या, एका हाताने तांब्या भरला आणि तिथूनच ओरडल्या, "किती जनं हायसा?"

आम्ही तिघं आहोत. मी, सुजाता आणि मुलगी. कर्जाच्या फॉर्मवरही मी तसंच लिहिलं होतं. मी मागे वळून बघितलं. मामा गाडीच्या सीटवर पाठमोरे बसून हायवेकडे बघत होते, पण कान इकडे होते.

"चार," मी म्हटलं. "चौघं राहणार आहोत."

मामांनी मान वळवली नाही. बाईंनी स्वतः जाऊन त्यांच्या हातात तांब्या दिला. ते उभे राहिले आणि मान वर करून सगळा तांब्या घटाघटा संपवला. बराच वेळ त्यांनी तोंड पुसलं. तोंडापेक्षा डोळेच जास्त पुसले.

मग तांब्या परत देत ते मला म्हणाले, "पानी जरा मचूळ हाय."