एका सुरावर उभा बाप

चष्म्याच्या दुकानाचे मालक चर्चच्या गायकवृंदाचेही मास्तर होते, आणि दोन्हीकडे त्यांचं दुःख एकच होतं. लोकांना दिसत नाही, आणि दिसत नाही हे लोक कबूल करत नाहीत. वृंदातल्या वीस जणांपैकी बारा साठीच्या पुढचे. गाण्याचा कागद लांब धरायचे, हात पुरेना झाला की पुढच्याच्या पाठीवर टेकवायचे, पण चष्मा म्हणून घालायचे नाहीत.

म्हणून फिरत्या मंडळाकडून जाडजूड पाकीट आलं, तेव्हा मास्तरांनी सगळ्यात आधी अक्षर मोठं करून घ्यायचं ठरवलं. हे मंडळ गावोगावच्या चर्चमध्ये बायबलमधल्या उधळ्या पुत्राची, म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि फाटक्या कपड्यांत बापाकडे परतलेल्या मुलाची, संगीतिका करायचं. नट त्यांचे, वाजवणारे त्यांचे, कोरसची सहा गाणी मात्र ज्या त्या गावच्या वृंदाने बसवून ठेवायची. पाकिटात दोन गठ्ठे होते. दोन्हींत गाणी तीच, शब्दही तेच. "जादा प्रत पाठवलीये. देवमाणसं!" असं म्हणून मास्तरांनी एक गठ्ठा घरच्या कपाटात ठेवला आणि दुसऱ्याच्या मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढल्या. अक्षर इतकं मोठं झालं की प्रत्येक पानाची वरची ओळ कापली गेली. त्या ओळीत लिहिलं होतं, 'दुसरा आवाज'. म्हणजे मुख्य चाल नव्हे, तिला खालून टेकू देणारे सूर. मास्तरांना सूर वाचता येत. संशय घेता येत नसे.

पहिल्याच तालमीत बेकरीवाले मध्येच थांबले. "मास्तर, ही चाल म्हणायची? ही चालतच नाहीये. एका जागी उभी आहे!"

खरोखरच बापाच्या गाण्यात अकरा वेळा एकच सूर होता, आणि मग काही कारण नसताना एक उंच उडी.

"नव्या पद्धतीचं संगीत आहे," मास्तर म्हणाले. एवढ्यावर कुणाचं समाधान होईना, तेव्हा सुचेल ते बोलले, "बाप दारात उभा आहे. मुलाची वाट बघतोय. तो हलेल कसा?"

मास्तरांच्या सासूबाई तीस वर्षं पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर गात आल्या होत्या. त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. "आणि ती उडी?"

"मुलगा दिसला."

झालं! त्यानंतर ते गाणं कोरड्या डोळ्यांनी कुणी म्हटलं नाही. बातमी पाळकसाहेबांपर्यंत गेली आणि त्यांनी त्या एका सुरावर चाळीस मिनिटं प्रवचन दिलं. सहा आठवड्यांत वृंद असा पक्का झाला की शेजारी भिंत पडली असती तरी कुणी सुरावरून ढळलं नसतं. फक्त मास्तरांची बायको एकदा म्हणाली, "मला सारखं वाटतं, कुणीतरी यायचं राहिलंय."

"सगळे वीसच्या वीस हजर आहेत," मास्तर म्हणाले.

शनिवारी दुपारी मंडळाची बस आली. प्रयोग सहाचा. गळ्यात टॉवेल टाकलेल्या दिग्दर्शिकाबाई आल्या आल्या म्हणाल्या, "चला, पहिला आवाज डावीकडे, दुसरा उजवीकडे."

कुणीही हललं नाही.

"अहो, पहिला आवाज कुणाचा?"

"माझा," सासूबाई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली."

बाईंनी पियानोवाल्याला खूण केली. एक गोड, डुलत जाणारी चाल सुरू झाली आणि तिच्यासमोर वीस गळे एका सुरावर ठाण मांडून उभे राहिले.

"थांबा, थांबा!" बेकरीवाल्यांनी हात वर केला. "तुमचा माणूस चुकतोय. भलतंच वाजवतोय."

पियानोवाल्याचे बासष्ट प्रयोग झाले होते. तरी त्याने एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहून घेतलं.

मास्तरांना ती जादा प्रत आठवली. बायको मागच्या गल्लीतल्या घरी गेली आणि कपाटातला गठ्ठा घेऊन आली. वर ठळक छापलं होतं, 'पहिला आवाज'.

"हे काय आहे?" दिग्दर्शिकाबाईंनी मास्तरांना विचारलं.

"जादा प्रत."

"उघडून वाचली होती?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "चष्मा दुकानात राहिला होता."

बाईंनी दहा जणांना बाजूला घेऊन मुख्य चाल शिकवायला सुरुवात केली, पण सहा आठवडे उभा असलेला बाप आता चालायला तयार होईना. तिसऱ्या शब्दाला सगळे आपले परत त्याच सुरावर. सासूबाईंनी तर नवा कागद हातातच घेतला नाही. "बापाला असं दारात टाकून मी जाणार नाही."

मास्तर पाळकसाहेबांच्या खोलीत शिरले. बायको मागोमाग आली, तर ते म्हणाले, "मी आजारी आहे म्हणून सांग."

"तुम्ही आजारी पडलात तर हे वीस जण कुणाकडे बघतील?"

मास्तर उठले आणि थेट बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "चूक माझी आहे, यांची नाही. मी जे दिलं ते यांनी जीव ओतून बसवलं. काय बोलायचं ते मला बोला."

बाईंनी टॉवेलने कपाळ पुसलं. "लोक किती येतील?"

"चारशे."

"गातात?"

"रविवारी छप्पर हलवतात. वृंदाला ऐकूच येऊ देत नाहीत."

"मग पहिला आवाज त्यांचा. उभे राहा आणि शिकवा."

सहा वाजता मास्तर चारशे माणसांसमोर उभे राहिले. सहाही गाण्यांत तीच चाल फिरून फिरून येत होती, आणि एकदा कानावर पडली की सुटत नाही अशीच होती. दहा मिनिटांत शेवटच्या बाकापर्यंत पोचली. मग बापाचं गाणं आलं. सगळं चर्च त्या चालीवर डुलत होतं आणि तिच्याखाली वीस गळे एका सुरावर वाट बघत थांबले होते. फाटक्या कपड्यांतला मुलगा दारातून आत आला, तो सूर उडी घेऊन वर गेला आणि दोन्ही आवाज तिथे एक झाले. मास्तरांचा हात हवेतच राहिला. खाली आणायचं त्यांना सुचलंच नाही.

सामान आवरता आवरता बाई म्हणाल्या, "दुसरा आवाज शिकायला कुणी तयारच होत नाही हो. ज्याला त्याला चाल हवी असते. तुम्ही यांना राजी कसं केलंत?"

"विश्वासात घेतलं," मास्तर म्हणाले. बायकोला खोकला आला.

घरी जाताना कोपऱ्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपलं चोख झालं. पण लोकांचं काय ते? पहिल्यापासून शेवटपर्यंत भलतीच चाल! आणि जावईबापू, तुम्ही स्वतः उभे राहून शिकवलीत!"

"चुकलंच माझं," मास्तर म्हणाले.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही सांभाळून घेतलं."