बादली भरायला लागणारा सरासरी वेळ

भीमराजनं सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगून टाकलं, की बी विंगला पाणी कमी येतं की नाही हे भांडून ठरत नसतं. ते गणितानं ठरतं. आणि हे गणित म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

सगळे गप्प. कांदिवलीच्या त्या सोसायटीत असं सहसा होत नसे. ए आणि बी या दोन विंगांना मिळून गच्चीवर टाकी एकच. बी विंगचं म्हणणं असं, की सेक्रेटरी गुणाजीकाका ए विंगमध्ये राहतात म्हणून पाणी आधी तिकडे जातं आणि बी विंगला येतं उरलंसुरलं, तेही हवेसकट. ए विंगचं म्हणणं असं, की बी विंगला रडायची सवयच आहे.

भीमराज अंधेरीच्या एका औषध कंपनीत होता. दोन मशीनमधून पडणाऱ्या गोळ्यांच्या वजनात खरोखर फरक आहे की नुसता भास, हे तो दिवसभर तपासायचा. तिथं त्याला साहेब म्हणत. घरी, बी विंगच्या अगदी वरच्या मजल्यावर, त्याची आई द्रौपदी त्याला म्हणाली होती, "आरं, कुंदाला बघाय लोक येणार हायेत. घाटकोपरचं पोरगं, रेल्वेत हाय. हातपाय धुवाय तांब्याभर पाणी नको व्हय घरात? एवढा शिकलास, कर की कायतरी."

कुंदा म्हणजे धाकटी बहीण. हा चंद्रप्रकाश नावाचा मुलगा तिनं एका लग्नात पाहिला होता. आधीच्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी कुंदा या वेळी फक्त "बघा बाबा तुम्हीच" म्हणाली आणि आत जाऊन आरशासमोर बसली. म्हणजे हे जमायलाच हवं होतं.

गृहीतक

"पहिल्यांदा," भीमराज मीटिंगमध्ये म्हणाला, "असं धरून चालायचं, की दोन्ही विंगांच्या पाण्यात काहीच फरक नाही."

"मगे झाला," गुणाजीकाका उठलेच. "फरक नाय. मिटिंग संपली."

"काका, बसा. हे नुसतं धरायचं. मग आकडे घ्यायचे आणि ते खोटं पडतंय का बघायचं."

"जा खोटा पाडूचा, ता आधी धरूचा कित्याक?"

बी विंगचा राजाराम मागून ओरडला, "भीम्या, तू नक्की कोणाच्या साइडनं आहेस? आपलाच माणूस उभा राहून फरक नाही म्हणतो? वाट लागली."

भीमराजनं बेत मांडला. दोन्ही विंगांतली दहा-दहा घरं. सगळीकडे तीच बादली, तेच घड्याळ. बादली किती वेळात भरते ते लिहायचं, दोन्ही विंगांची सरासरी काढायची. "सरासरी तंतोतंत सारखी कधीच येत नाही. पण आलेला फरक खरा, की योगायोगानं पडलेला, ते टी-टेस्ट सांगते. समजा काका, तुमच्याकडे दोन दिवस मासे ताजे आले आणि आमच्याकडे शिळे. तेवढ्यावरून तुमचा मासेवाला चांगला ठरत नाही."

"आमचो मासेवालो चांगलोच आसा."

"समजा म्हटलं मी."

"समजा कशाक? इचार वनमालाक."

शेजारी बसलेल्या वनमालाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, गंभीरपणे मान डोलावली. मासेवाला निकालात निघाला. चाचणीला रविवारची सकाळ मिळाली. राजारामनं एवढंच विचारलं, की गणितात आपण जिंकलो तर टाकीचा व्हॉल्व्ह आपल्याकडे फिरवणार ना? गुणाजीकाका म्हणाले, फिरवतंय. सगळ्यांसमोर म्हणाले.

भीमराजला रात्रभर झोप आली नाही, आनंदानं. पाहुणे पुढच्या रविवारी यायचे होते. तोवर व्हॉल्व्ह फिरेल, बी विंगमध्ये पाणी धो-धो येईल, पाहुणे हातपाय धुतील, कुंदाचं लग्न होईल. त्या भरात त्यानं खालच्या फळ्यावर नोटीस लावली: रविवारी सकाळी पंप चालू झाल्यावर पुढील घरांत बादली भरण्याचा वेळ मोजला जाईल. खाली घरांचे नंबर, स्वच्छ अक्षरात.

कंपनीत गोळ्यांचं वजन करण्याआधी त्यानं गोळ्यांना कधी कळवलं नव्हतं.

मध्येच पाहुणे

शनिवारी संध्याकाळी वाण्याच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. पुढच्या रविवारी मुलाची ड्यूटी आहे, तेव्हा उद्याच येतो. सकाळीच, कारण आमच्या डोंगरावर दुपारी नळ येतो, त्याआधी परत जायला हवं.

"उद्या?" भीमराज म्हणाला. "उद्या माझी टेस्ट आहे."

"पोरीची बी हाय," द्रौपदी म्हणाली.

निरीक्षणं

ए विंग, पहिलं घर, वनमालाकाकू. नळाला दोऱ्याएवढी तुटक धार.

"आमच्याकडे असांच येता रे बाबा. कोणाक सांगतलंय?" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बाथरूमच्या दाराआड, मेन कॉकपाशी, गुणाजीकाका हात पाठीमागे बांधून उभे.

बी विंग, पहिलं घर, राजाराम. थेंब. मागून लगेच पुढचा.

"कालपर्यंत धार तरी होती ना तुझ्याकडे?"

"होती. आज ती पण गेली. अन्याय वाढतोय, भीम्या. लिही."

ए विंग, दुसरं घर. दोरा.

बी विंग, दुसरं घर. थेंब, आणि घरातल्या आजी शिव्या देतायत, कोणाला ते कळत नाही.

ए विंग. बी विंग. लाल बादली घेऊन भीमराज एका जिन्यानं उतरतोय, दुसऱ्यानं चढतोय. एकेक बादली भरेपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हावेत. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आणि शेवटून दुसऱ्या घराकडे जाताना जिन्यात त्याला तीन माणसं भेटली: एक पांढऱ्याशुभ्र शर्टातला तरुण, एक ठसठशीत बाई आणि एक मुके वाटावेत इतके शांत गृहस्थ.

"जय भीम. द्रौपदीबाईंचं घर इथंच का?" बाईंनी विचारलं.

त्या मालनबाई, मुलाची आई. तरुण म्हणजे चंद्रप्रकाश. गृहस्थ म्हणजे वडील. भीमराजनं एका हातात बादली तशीच धरून दुसऱ्या हातानं नमस्कार करायचा प्रयत्न केला.

"पाणी भरताय व्हय?" मालनबाईंचा चेहरा उजळला. "कष्टाळू घर दिसतंय."

"मोजतोय," भीमराज म्हणाला. "तुम्ही व्हा पुढं, मी दोन घरं करून आलोच."

तो आला तेव्हा घरात सगळं झकास चाललं होतं. पोह्यांच्या बश्या हातात. कुंदा खाली मान घालून बसलेली आणि खालूनच चंद्रप्रकाशकडे बघत असलेली. मालनबाई विचारत होत्या, "पाणी भराय जमतं ना, पोरी? आमच्याकडं सार्वजनिक नळ हाय, टेकडीच्या खाली. दोन हंडे चढवाय लागत्यात."

"जमतं," कुंदा म्हणाली.

"म्हंजे काय," द्रौपदी म्हणाली, "आमच्यात तर थेंब नसतोय पाण्याचा."

भीमराज कोपऱ्यात कॅल्क्युलेटर घेऊन बसला. पाहुण्यांसमोर बसून गणित करू नये हे त्याला समजत होतं, पण हात थांबेनात. ए विंगची सरासरी. बी विंगची सरासरी. दोन्हींतला फरक. आकड्यांचा पसारा. भागाकार. पुस्तकाच्या मागचा तक्ता.

त्यानं परत केलं.

फरक नाही. म्हणजे सांगण्यासारखा नाही. बी विंगला किंचित जास्त वेळ लागत होता, पण तो निव्वळ योगायोगही असू शकला असता. वर्षानुवर्षांचं भांडण, एका दशांश चिन्हामागे, खलास. बरं, फरक नाही तर नाही. पण दोन्ही सरासऱ्या इतक्या भयानक? वीस घरांत नळ नुसते खोकत होते. पंप तर सकाळपासून घरघरतोय, आत्ताही आवाज येतोय.

"मग पाणी जातंय कुठे?" तो मोठ्यानं म्हणाला.

चंद्रप्रकाशच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, बरोबर खिशावर, छतातून एक थेंब पडला.

लाल.

दुसरा थेंब पोह्यांत. लाल. तिसरा मालनबाईंच्या हातावर. लाल. मुके वाटणारे गृहस्थ पहिल्यांदा बोलले. "वर कुणाला कापलं का काय?"

द्रौपदीनं छताकडे बघितलं आणि ती बसल्या जागी कलंडली.

भीमराज गच्चीकडे धावला, पण जिना वर चढत नव्हता, खाली येत होता. पायरीपायरीनं पाणी, लालसर, फेसाळ, त्यात वनमालाकाकूंची गच्चीत वाळत घातलेली कोकमाची सालं, शेकड्यांनी, आणि त्यांच्यामागून कोणाच्या तरी कुरडया, पुन्हा फुगलेल्या. पाहुण्यांच्या चपला दारातून उचलल्या गेल्या आणि एकामागून एक शांतपणे खालच्या मजल्याकडे निघून गेल्या.

तेव्हा त्याला समजलं. ए विंगनं आपापले कॉक पिळून ठेवले होते, आपल्याला जास्त पाणी येतं असं दिसू नये म्हणून. बी विंगनंही पिळून ठेवले होते, आपल्याला आणखी कमी येतं असं दिसावं म्हणून. एरवी पंप चालू असताना घराघरांतून पाणी ओढलं जायचं, त्यामुळे टाकी जन्मात कधी भरलीच नव्हती; आज ती भरून वाहत होती. जास्तीचं पाणी काढून देणारा पाइप होता, पण त्यात कबुतरांचा संसार होता. आणि पंप बंद करायचा तो माणूस आपल्या बाथरूममध्ये कॉक सांभाळत उभा होता.

"काका, पंप!" भीमराज जिन्यातून ओरडला.

"आधी निकाल सांग," खालून आवाज आला.

घरात परतला तेव्हा पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. द्रौपदी शुद्धीवर होती आणि त्या पाण्यात उभी राहून शपथेवर सांगत होती, "तुमच्या गळ्याची आन, आमच्यात पाणी येतच नाय हो."

मालनबाई पाण्याकडे बघत होत्या. रागानं नाही. भाकरी पायदळी पडलेली पाहावी तशा. त्यांनी पोह्यांची बशी उंच ठेवली आणि साडी खोचली.

"मावशी, माझ्याकडे वीस घरांचे आकडे आहेत," भीमराजनं ओला कागद पुढे केला. "पाणी येत नाही हे सिद्ध होतंय. नीट बघा, सरासरी..."

"बाळा," मालनबाई म्हणाल्या, "तुझ्या सरासरीत माझी पावलं बुडाली."

दारात त्या थांबल्या. कुंदाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरगी गुणाची हाय. पण असल्या पाण्यात वाढलेली. आमच्या डोंगरावर दोन हंड्यांत कशी दिस काढंल? न्हाय जमायचं."

ती बाई गेली. चपला खालच्या मजल्यांवर शोधत गेली. चंद्रप्रकाशची एक मिळालीच नाही, तो भीमराजच्या स्लिपरा घालून गेला. कुंदानं फडकं घेतलं आणि पाणी पुसायला बसली. भीमराज शेजारी बसला, तशी ती म्हणाली, "दादा, तू ऊठ. तू पुसलंस तर काय होईल सांगता येत नाही."

फळ्यावर तासाभरात नवी नोटीस लागली. बी विंगचे श्री. भीमराज यांनी शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध केल्याप्रमाणे दोन्ही विंगांत फरक नाही, सबब तक्रार बंद. खाली गुणाजीकाकांची सही. राजारामनं भीमराजशी बोलणं टाकलं. वनमालाकाकूंनी आधीच टाकलं होतं, कोकमासाठी.

उरलेलं

दुपारी सगळ्यांनी कॉक सोडून गच्चीवरची टाकी रिकामी केली, संध्याकाळी दोन्ही टाक्या कोरड्या. पंपानं खालच्या टाकीतलं सगळं पाणी गच्चीवर नेऊन जिन्यानं परत आणलं होतं. दोन्ही विंगा बादल्या घेऊन रस्त्यापलीकडच्या नळावर. कुंदा दोन भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढत होती, मागून एक हंडा घेऊन भीमराज, दर मजल्यावर बसत.

चंद्रप्रकाश स्लिपरा परत द्यायला आला होता. त्यानं न विचारता कुंदाच्या हातातली एक बादली घेतली. दुसऱ्या मजल्यावर हात बदलला. तिसऱ्यावर बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकला.

"रोज असंच असतं?"

"रोज."

"आई म्हणते, तुम्हाला पाणी वाहायची सवय नाही."

कुंदानं आपली बादली खाली ठेवली नव्हती. तिनं त्याचीही उचलली. "आईंना सांगा, सवय तुम्हालाच नाही. चला, दार उघडायला तरी या."

ती वर गेली. चंद्रप्रकाश तिच्याकडे असा बघत राहिला, की हंड्याशेजारी बसलेल्या भीमराजला वाटलं, यात काही मोजण्यासारखं नाही. तो गप्प बसला. दिवसभरात पहिल्यांदाच.

दोन-तीन दिवसांनी वाण्याच्या फोनवर निरोप आला. मुलगी पसंत. देण्याघेण्याचं काही नाही. एकच अट: लग्नात मुलीच्या भावानं कुठल्याही व्यवस्थेत लक्ष घालायचं नाही.

भीमराज म्हणाला, ही अट जरा अपमानकारक आहे, यावर आपण घरात बसून विचार... पण तोवर द्रौपदीनं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला होता. "मंजूर," ती फोनमध्ये म्हणाली. "लेखी पायजे तर लेखी देती."