झहरानची गाडी ओरडते

झहरानने गाडीला नवा थ्रॉटल बसवला, किल्ली फिरवली, आणि गाडी अशी ओरडली की कुंपणावरची कबुतरं उडून शेजारच्या गच्चीवर गेली.

थ्रॉटल म्हणजे इंजिनाचं नाक. त्यात एक झडप असते. पायाने वेगाचं पेडल दाबलं की ती उघडते, सोडलं की मिटते. झडप किती उघडी आहे, हे शेजारी बसलेला छोटा सेन्सर पाहत असतो आणि इंजिनाच्या संगणकाला कळवत असतो. झहरानचा थ्रॉटल मूळ कंपनीचा नव्हता. मस्कतच्या बाजारातून हौसेने आणलेला, मोठ्या तोंडाचा आणि हलक्या स्प्रिंगचा होता. नुसतं बोट लावलं तरी झडप हलायची. याचं त्याला इतकं कौतुक की दुकानातून आपल्या गावी, बिदियाला, येईपर्यंत तो ती बोटाने हलवतच होता. कामाची हत्यारं, खोकी, जुने सुटे भाग असा सगळा पसारा गाडीतल्या सीटांवर पडला होता.

हौसेमागे एक जखम होती. गेल्या हिवाळ्यात मामाच्या वाळवंटातल्या तळावर जाताना वाटेतल्या मोठ्या टेकाडावर त्याची गाडी अर्ध्यात रुतली. आई आत बसलेली. मागून मेव्हणा हिलाल आला, त्याने दोर लावला आणि आईसकट गाडी वर ओढली. तेव्हापासून कुठल्याही बैठकीत कहवा आला की हिलालला तो दोर आठवायचा.

आता मामाची लाडकी उंटीण व्याली होती. शुक्रवारच्या नमाजानंतर पिल्लू बघायला जायचं होतं. आईने साफ सांगितलं होतं, "ज्या गाडीत मला माझा आवाज ऐकू येईल, त्या गाडीत मी बसेन."

हिलालची गाडी मांजरासारखी गप्प चालायची. आई जावयाच्या गाडीत बसून गावातून गेली, तर झहरानला पुढचे सगळे हिवाळे तोंड लपवून काढावे लागले असते.

"अरे, ही का ओरडते?" आईने अंगणातून विचारलं.

झहरानने मीटर जोडून पाहिला. पाय सोडला की सेन्सरने अर्धा व्होल्ट दाखवायला हवा होता. तो जवळजवळ एक दाखवत होता.

"आई, असं बघ. आपण पाहुण्याला कहवा देतो. पाहुण्याने फिंजानचा छोटा पेला हलवला की समजतं, पुरे. नाही हलवला तर आपण ओततच राहतो. हा सेन्सर फिंजान हलवत नाहीये. संगणक बिचारा ओततोय."

"मग पाहुण्याला शिकव," आई म्हणाली. "शुक्रवारच्या आत."

ज्या दिवशी थ्रॉटल बसला, त्याच दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट गाडीत आली होती. आईने हिवाळाभर मागावर बसून उंटाच्या लोकरीचा एक गालिचा विणला होता. लाल-काळा, जाडजूड, कडेला वीतभर गोंडे. तो तिने गाडीत, चालकाच्या पायाशी, घडी करून ठेवला होता. झहरानला भरून आलं. कोणी काही दिलं की प्रश्न विचारायचे नाहीत, अशी त्यांच्या घरची रीत. त्याने काही न विचारता गालिचा पायाखाली नीट पसरला. तो जरा लांब झाला, पण कापणार कोण? वरची कड त्याने तशीच पुढे वर सरकवून दिली. मग वहाणा बाहेर काढून, अनवाणी गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गुल नवाझच्या गॅरेजमध्ये गेला. गुल नवाझ पेशावरचा, पण निम्म्या बिदियाच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. ते पाहून झहरानने आधी आईचा गालिचा काढला, झटकला आणि मागे ठेवला.

गुल नवाझने मीटर लावला. काटा बरोबर अर्ध्यावर. इंजिन शांत.

"झहरानभाई, गाडी ठणठणीत आहे. तुमचीच झोप झालेली दिसत नाही."

"कालपासून ओरडत होती रे!"

"मग मला बघून गप्प झाली. चहा घेणार?"

झहरान चहा पिऊन खुशीत निघाला. पण आईने विणलेला गालिचा सामानात पडलेला तिला दिसायला नको, म्हणून घराच्या अलीकडे थांबून त्याने तो पुन्हा पायाखाली पसरला. अंगणात शिरताना गाडी ओरडत शिरली. कबुतरं आता कुंपणावर बसायचीच बंद झाली होती.

संध्याकाळी हिलाल आला. आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग उंट, मग सगळ्यांची खुशाली असं रीतीप्रमाणे झालं, आणि मग तो म्हणाला, "दोर घेऊनच आलोय, बरं का."

"दोराची गरज नाही. सेन्सर बिघडलाय."

"मग तो फिरवायचा! स्क्रू ढिले करायचे, काटा अर्ध्यावर येईपर्यंत सेन्सर फिरवायचा, स्क्रू आवळायचे. यात काय एवढं?"

हिलालने वहाणा काढल्या. गालिचा पाहून "माशाल्ला, सासूबाईंचा हात!" म्हणाला, आदराने आत बसला, दोनदा पाय दाबून पाहिला आणि मग बॉनेटखाली जाऊन सेन्सर फिरवला. काटा अर्ध्यावर आला. गाडी मात्र आता घूंऽऽ करून चढायची, गप्पकन बसायची, पुन्हा घूंऽऽ करायची.

"निदान मध्ये मध्ये तरी गप्प बसते," हिलाल म्हणाला. "तुझ्यापेक्षा बरी."

गुरुवारी पुन्हा गॅरेज. पुन्हा गालिचा झटकून मागे. या वेळी गाडी उभी राहताच बंद पडली.

"सेन्सरला कोणी हात लावला?" गुल नवाझने डोळे बारीक केले.

"मेव्हण्याने."

"मेव्हण्यांसाठी माझ्याकडे सुटा भाग नाही." त्याने सेन्सर जागेवर आणला. काटा अर्ध्यावर. इंजिन शांत. "आता घरी नेऊन कोणाला दाखवू नका. नजर लागते तिला."

झहरान गाडी घरी घेऊन आला, अर्थात गालिचा पसरून. आणि अर्थात ओरडत. तोवर गल्लीतले जाणते लोक जमले. एकजण म्हणाला पेट्रोल खराब, दुसरा म्हणाला वाळू गेली, तिसऱ्याने कुठलीशी नळी दाबून धरली. झहरानने जुना थ्रॉटल शोधला, तर तो त्याने नवा बसवताच भंगारात देऊन टाकलेला. सगळ्यांची डोकी बॉनेटखाली होती. आत बसायची वेळ येई तेव्हा प्रत्येकजण वहाणा काढी, गालिच्याचं कौतुक करी आणि पाय पेडलवर ठेवी. गालिच्याखाली मात्र कोणी डोकावलं नाही. आईने दिलेल्या गालिच्याची कड उचलून बघणार कोण?

शुक्रवारी नमाज झाला. हिलाल आपली गप्प गाडी घेऊन दारात उभा राहिला. दोर त्याने बाहेरून दिसेल असा आरशाला टांगला होता.

आई खजुराची परडी घेऊन बाहेर आली. डावीकडे हिलाल, उजवीकडे झहरानची ओरडणारी गाडी. झहरानने घाईघाईने सीटवरचा सगळा पसारा काढून अंगणात टाकला होता. हातातल्या मीटरचा काटा एकाजवळ थरथरत होता.

"आई," तो एवढंच म्हणाला. पुढचं गाडीने ऐकू दिलं नाही.

आईने मोकळी सीट पाहिली. हिलालच्या गाडीकडे निघालेली ती थांबली आणि वळली.

"झाली का एकदाची जागा?" ती गाडीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "मग तो गालिचा वर काढ, मला बसायला दे!"

"काय?"

"गालिचा! माझी कंबर धरते त्या टेकाडावर. बसायलाच विणलाय मी. तुझी लोखंडं सीटवर होती, म्हणून खाली ठेवला. आठवडाभर तू त्यावर पाय ठेवून बसलास. म्हटलं, थकला असेल मुलगा."

झहरान वाकला. गालिच्याची वरची कड, सगळ्या गोंड्यांसकट, पेडलवर मांडी घालून बसली होती; हलक्या स्प्रिंगला तेवढा भार पुरेसा होता. त्याने ती ओढली.

गाडी गप्प झाली. काटा अलगद अर्ध्यावर येऊन टेकला. गल्लीत इतकी शांतता पसरली की हिलालच्या आरशाला टांगलेला दोर वाऱ्याने काचेवर घासतोय तेही ऐकू आलं.

हिलाल खाली उतरला. "काय केलंस? सेन्सर बदललास?"

"थोडं... खालून मोकळं केलं," झहरान म्हणाला आणि आईच्या सीटवर गालिचा अंथरला.

टेकाड गाडीने एका दमात पार केलं. माथ्यावर आईने मागे वळून पाहिलं. हिलालची गाडी खाली वाळूत धडपडत होती.

"बिचारा," ती म्हणाली. "त्यालाही एक विणून देते."

झहरानने जरा विचार केला. "दे. पण देताना सांग, कुठे घालायचा ते."

"त्यात सांगायचं काय?" आई म्हणाली. "तुला कुठे सांगितलं होतं?"